कोअर की इलेक्टिव्ह? अकरावीच्या उंबरठ्यावरची दोन इंग्रजी

दहावीचा निकाल लागला की घरोघरी शाखेची चर्चा सुरू होते. विज्ञान की वाणिज्य, गणित ठेवायचे की सोडायचे, जीवशास्त्राचे काय, यावर दिवसचे दिवस खल चालतो. इंग्रजीबद्दल मात्र कोणी काही विचारत नाही. ते असणारच, असे विद्यार्थी आणि पालक दोघेही गृहीत धरून चालतात. केंद्रीय माध्यमिक शिक्षण मंडळाच्या, म्हणजे सीबीएसईच्या, अकरावी-बारावीत इंग्रजी नावाचे दोन वेगळे विषय आहेत, हे अनेकांना वर्ग सुरू झाल्यावर कळते. काहींना तेव्हाही कळत नाही.

त्यातला पहिला विषय 'इंग्लिश कोअर', संकेतांक ३०१. दुसरा 'इंग्लिश इलेक्टिव्ह', संकेतांक ००१. 'इलेक्टिव्ह' म्हणजे ऐच्छिक. त्यामुळे कोअर हा मूळ विषय आणि इलेक्टिव्ह ही त्यावरची जादा भर, असा समज सर्रास आढळतो. तो चुकीचा आहे. मंडळाच्या नियमांनुसार एकच भाषा कोअर आणि इलेक्टिव्ह अशा दोन्ही पातळ्यांवर एकाच वेळी घेता येत नाही. ज्याला इलेक्टिव्ह हवे, त्याने ते कोअरच्या जागी घ्यायचे असते. निवड 'हेही आणि तेही' अशी नसून 'हे किंवा ते' अशी आहे, आणि म्हणूनच ती विचारपूर्वक करावी लागते.

कोअरचा रोख व्यवहाराकडे आहे. अपरिचित उतारा वाचून त्याचे मर्म काढणे, सूचना, निमंत्रण, नोकरीचा अर्ज, वृत्तपत्राला पत्र, अहवाल अशा लेखनाचा सराव करणे आणि सोबत 'फ्लेमिंगो' व 'व्हिस्टाज' या पुस्तकांतील पाठ, असे बारावीचे स्वरूप राहिले आहे. अलीकडच्या वर्षांत ८० गुणांच्या लेखी परीक्षेतील निम्मे गुण साहित्याला आणि उरलेले वाचन व लेखन कौशल्यांना मिळतात. ऐकणे-बोलणे आणि प्रकल्प यांचे २० गुण शाळा देते. अभियंता, डॉक्टर किंवा सनदी लेखापाल होऊ पाहणाऱ्या मुलाला लागणारे इंग्रजी बहुतांशी यात येते. कोअरला कमी लेखण्याचे काही कारण नाही. सुसंबद्ध अर्ज लिहिता न येणारे पदवीधर किती भेटतात, हे कोणत्याही कचेरीत विचारून पाहावे.

इलेक्टिव्हचे जग निराळे. त्यात इंग्रजी हे साधन नसून अभ्यासाचा विषय असते. एनसीईआरटीने २००५च्या राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखड्यानंतर यासाठी दोन पुस्तके काढली. अकरावीसाठी 'वोवन वर्ड्स' आणि बारावीसाठी 'कॅलिडोस्कोप'. पहिल्यात चेखॉव्ह, डी. एच. लॉरेन्स, अरुंधती रॉय, झुंपा लाहिरी यांचे कथात्म लेखन आले, तर कवितांत शेक्सपिअर, ऑडेन आणि वोले सोयिंका. दुसऱ्यात जॉन डन, मिल्टन, ब्लेक, जेम्स जॉइस, व्हर्जिनिया वुल्फ, मार्केझ, शिवाय चित्रपट कसा घडतो यावर इंगमार बर्गमन आणि विज्ञानकथेवर आयझॅक असिमॉव्ह. याखेरीज एक संपूर्ण कादंबरी नेमण्याची पद्धत आहे. नंतरच्या वर्षांत काही पाठ वगळले गेले. तेव्हा ज्या वर्षी प्रवेश घ्यायचा, त्या वर्षाचा अभ्यासक्रम मंडळाच्या संकेतस्थळावर पाहून घेणे इष्ट.

मराठी घरातील विद्यार्थ्याला ही यादी परकी वाटण्याचा संभव आहे. पण 'वोवन वर्ड्स'मध्ये अरुण कोलटकरांची अजामिळ आणि वाघ यांच्यावरची कविता समाविष्ट झाली. ती त्यांच्या १९७६ साली आलेल्या 'जेजुरी' या इंग्रजी संग्रहातली. मराठी आणि इंग्रजी या दोन्ही भाषांत सारख्याच अधिकाराने लिहिणारा हा कवी. 'जेजुरी'ला १९७७ साली राष्ट्रकुल काव्य पुरस्कार मिळाला. मेंढपाळ अजामिळ पकडलेल्या वाघांना सोडून देतो आणि त्यांच्याशी मैत्रीचा तह करतो, एवढीच कथा. अजामिळ दयाळू की धूर्त? गोष्ट सांगणाऱ्याचा स्वर सरळ की तिरकस? इलेक्टिव्हमध्ये विद्यार्थ्याने अशा प्रश्नांना भिडणे अपेक्षित आहे. याचे तयार उत्तर मार्गदर्शकात सापडले तरी त्याचा फार उपयोग होत नाही. उत्तर कवितेतल्या शब्दांच्या आधारे मांडावे लागते. त्याच पुस्तकात मुंबईकर निसीम इझिकेल आहेत, आदिवासी काव्यावर लिहिणारे मूळचे भोरचे गणेश देवी आहेत.

'कॅलिडोस्कोप'मधील गिरीश कार्नाड यांचे 'ब्रोकन इमेजेस' हे नाटक तर या साऱ्या चर्चेच्या मुळाशीच जाते. आजवर कन्नडमध्ये कथा लिहिणारी एक प्राध्यापिका इंग्रजी कादंबरीमुळे जगभर गाजते आणि स्वभाषा सोडल्याच्या आरोपाला तिला तोंड द्यावे लागते. पुढे दूरचित्रवाणीच्या पडद्यावरील तिचीच प्रतिमा तिची उलटतपासणी करते. इंग्रजी कशासाठी आणि कोणाची, हा प्रश्न पाठ्यपुस्तकानेच सतरा वर्षांच्या मुलांपुढे ठेवावा, ही गोष्ट साधी नाही.

राज्य मंडळात व आयसीएसईत

राज्य मंडळाची रचना वेगळी आहे. तेथे एकच अनिवार्य इंग्रजी दीर्घकाळ सर्व शाखांना लागू राहिले असून साहित्याचा स्वाद त्यातच घातला आहे. २०१९ साली आलेल्या अकरावीच्या 'युवकभारती'त नाटकाचा स्वतंत्र विभाग होता. इब्सेन आणि शेक्सपिअर यांचे नाट्यांश त्यात आले. २०२०च्या बारावीच्या पुस्तकात 'टू सर, विथ लव्ह', 'अराउंड द वर्ल्ड इन एटी डेज' आणि शेरलॉक होम्सची 'द साइन ऑफ फोर' या कादंबऱ्यांचे अंश होते. तुकड्यातुकड्याने कादंबरी शिकवण्याचा हा प्रकार अनेकांना रुचत नाही. तरी विज्ञान शाखेच्या मुलालाही कादंबरी म्हणजे काय हे कळते, ही त्याची जमेची बाजू. साहित्याची अधिक ओढ असणाऱ्याला इंग्रजी साहित्य हा ऐच्छिक विषय वेगळा घेता येतो. मात्र तो शिकवणारी महाविद्यालये मोजकीच आहेत. आयसीएसई परिवाराच्या बारावीतही अनिवार्य इंग्रजीसोबत ऐच्छिक इंग्रजीची सोय आहे. म्हणजे या दोन मंडळांत ऐच्छिक विषय ही खरोखरच भर आहे. सीबीएसईत तसे नाही, आणि नेमका येथेच घोटाळा होतो.

निवड नक्की कोणाची?

कागदावर निवड विद्यार्थ्याची असली तरी प्रत्यक्षात ती शाळेची असते. इलेक्टिव्ह शिकवण्यास साहित्यात मुरलेला शिक्षक लागतो आणि वर्ग चालवण्याइतकी मुलेही लागतात. दोन्हींची खात्री नसल्याने बहुतेक शाळा कोअर हाच एक पर्याय ठेवतात. दुसरा अडसर गुणांचा. कवितेच्या उत्तराला पैकीच्या पैकी मिळतील का, ही धास्ती पालकांना असते, आणि ती अगदीच निराधार म्हणता येत नाही.

त्यात २०२२पासून केंद्रीय विद्यापीठांच्या पदवी प्रवेशासाठी 'सीयूईटी' ही सामाईक परीक्षा आली. तिच्यात इंग्रजी आहे ते भाषा म्हणून. आकलन आणि शब्दसंपत्ती यांची चाचणी घेणारे. इंग्रजी साहित्य असा वेगळा विषय त्यात ठेवलेला नाही. दोन वर्षे डन आणि वुल्फ वाचणारी मुलगी आणि कोअर घेतलेला मुलगा, दोघेही एकच प्रश्नपत्रिका सोडवतात. प्रवेशाच्या हिशेबात इलेक्टिव्हला वेगळे मोल नाही, हे आधीच ठाऊक असलेले बरे. पुढे बी.ए.ला इंग्रजी साहित्य घेतल्यावर ज्याने अकरावीतच कवितेचे बारकाईने वाचन केले आहे, त्याचे पहिले वर्ष सुकर होते, एवढा लाभ नक्की.

२०२०च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने माध्यमिक स्तरावर विषयनिवडीचे स्वातंत्र्य वाढवण्याचा आग्रह धरला आहे. पण निवड अमर्याद वाढली तर काय होते, याचा धडा अमेरिकेने अर्धशतकापूर्वी गिरवला. १९६०च्या दशकाअखेरीपासून तेथील अनेक हायस्कुलांनी वर्षभराचा सलग इंग्रजी विषय मोडून विज्ञानकथा, चित्रपट, प्रसारमाध्यमे असे छोटे ऐच्छिक अभ्यासक्रम सुरू केले. मुले आवडीने वाचू लागली, पण सगळ्यांना लिहिता येते की नाही, हे पाहण्याची जबाबदारी कोणाचीच उरली नाही. १९७५ साली 'न्यूजवीक'ने मुलांच्या लेखनाच्या दुरवस्थेवर मुखपृष्ठकथा केली. १९८३च्या 'अ नेशन अ‍ॅट रिस्क' या अहवालाने अशा अभ्यासक्रमाला उपाहारगृहाची उपमा दिली आणि सर्वांसाठी चार वर्षे इंग्रजीची शिफारस केली. सर्जनशील लेखन, पत्रकारिता, वादविवाद हे विषय तेथे आजही आहेत, पण बहुतांशी मुख्य इंग्रजीच्या जोडीला.

सीबीएसईचे इलेक्टिव्ह त्या टोकाला गेलेले नाही. त्यातही उताऱ्यांचे वाचन आणि लेखन आहेच. तरीही ज्याला इंग्रजी वाक्य लिहितानाच अडखळायला होते, त्याने सुरुवात कोअरने करावी, हे अधिक शहाणपणाचे. ज्याच्या उशाशी कथा-कादंबऱ्या असतात, त्याला, मग तो विज्ञान शाखेचा का असेना, इलेक्टिव्ह नाकारू नये. नियम त्याच्या आड येत नाही.

अकरावीत नोंदवलेला विषय बारावीत सहसा बदलता येत नाही. त्यामुळे नोंदणी अर्जावर ३०१ लिहिले आहे की ००१, हे पालकांनी स्वतः पाहावे आणि इलेक्टिव्ह असल्यास ते शिकवणार कोण, हे शाळेला विचारावे. एनसीईआरटीची पुस्तके संकेतस्थळावर विनामूल्य उपलब्ध आहेत. प्रवेशाआधीच्या एखाद्या संध्याकाळी विद्यार्थ्याने त्यातली एक कथा आणि एक कविता, कोणी न सांगता, वाचून पाहावी.