फोटॉनांचा जमाखर्च : स्टॅनफर्डचा ई-१४४ प्रयोग

इलेक्ट्रॉनावर प्रकाश आदळून विखुरतो तेव्हा इलेक्ट्रॉन एकच फोटॉन घेतो आणि एकच परत देतो, असा हिशेब आर्थर कॉम्प्टन यांनी १९२३ साली मांडला. पण लेझरचे क्षेत्र पुरेसे प्रखर असेल तर तोच इलेक्ट्रॉन अनेक फोटॉन एकदम ग्रहण करून त्यांच्या मोबदल्यात एकच गॅमा-फोटॉन उत्सर्जित करील, हे भाकीत निकिशोव्ह, रिटुस प्रभृती सिद्धांतकारांनी लेझरच्या शोधानंतर लवकरच वर्तविले होते. ते कागदावरच राहिले, कारण तेवढा प्रखर लेझर कोणाच्याच पदरी नव्हता. १९८५ मध्ये डॉना स्ट्रिकलंड आणि जेरार मूरू यांनी रॉचेस्टर येथे लेझरचा स्पंद आधी लांबवून, मग वर्धित करून, शेवटी आकुंचित करण्याची युक्ती काढली, तेव्हा ही अडचण दूर झाली.

कॅलिफोर्नियातील स्टॅनफर्डच्या सुमारे तीन किलोमीटर लांबीच्या त्वरकातून निघणाऱ्या, ४६.६ अब्ज इलेक्ट्रॉन-व्होल्ट ऊर्जेच्या इलेक्ट्रॉनांसमोर, दर चौरस सेंटिमीटरला १ वर १८ शून्ये इतक्या वॅटच्या आसपास तीव्रतेचा लेझर आणून उभा करण्याचे, म्हणजेच ई-१४४ प्रयोगाचे, काम प्रिन्स्टन, रॉचेस्टर, टेनेसी आणि स्टॅनफर्ड येथील शास्त्रज्ञांनी अंगावर घेतले. वेगाच्या प्रभावाने त्या इलेक्ट्रॉनाला लेझरचे क्षेत्र जवळजवळ पावणेदोन लाख पटींनी वाढलेले भासते. मात्र दोन्ही स्पंद सेकंदाच्या अब्जांश भागाचाही हजारावा अंश असलेल्या काळात एकाच बिंदूवर गाठ घेतील तरच हा लाभ.

सगळी मेख पुराव्याची होती. बहुतेक इलेक्ट्रॉन एकच फोटॉन घेतात आणि त्यांचे गॅमा-किरण अनेक फोटॉन घेणाऱ्यांच्या गॅमा-किरणांसह एकाच दिशेने, एकत्रच धावतात. म्हणून प्रयोगकर्त्यांनी मुख्यतः इलेक्ट्रॉनाच्याच तुटीची नोंद ठेवली. लेझरच्या अवरक्त प्रकाशाचा एक फोटॉन घेतलेल्या इलेक्ट्रॉनापाशी निदान २५.६ अब्ज इलेक्ट्रॉन-व्होल्ट शिल्लक राहतातच. दोन एकदम घेतले तर ही मर्यादा १७.६ पर्यंत उतरते. चुंबकाने वळविलेल्या इलेक्ट्रॉनांत या पहिल्या मर्यादेखालचे इलेक्ट्रॉन सापडले. परंतु एकच इलेक्ट्रॉन लागोपाठ दोनदा विखुरला, तरी तो तसाच खाली उतरतो! ही शक्यता वेगळी गणून पाहिली, तेव्हा मापन तिच्याहून पुष्कळ अधिक भरले. १९९६ साली चार फोटॉनांपर्यंतचे ग्रहण जाहीर झाले.

पुढच्या वर्षी जाहीर झालेल्या निकालात तशाच गॅमा-किरणांनी लेझरच्या फोटॉनांशी टक्कर घेऊन पॉझिट्रॉन, म्हणजे इलेक्ट्रॉनाचे प्रतिकण, निर्माण केले होते; मोजणीत १०६ भरले, अनिश्चितता १४ ची. ‘प्रकाशापासून द्रव्य’ म्हणून गाजले ते हे, आणि ते स्वाभाविकही आहे; माझ्या मते मात्र अधिक बिनतोड पुरावा आदल्या वर्षीच्या त्या रूक्ष जमाखर्चाचाच होता.