मांजर का बोचकारते? मुलांना शिकवू या मांजराची भाषा



वर्गात "कोणाकोणाच्या घरी मांजर आहे?" असं विचारलं की पटापट हात वर होतात. मग विचारा, "मांजराने कोणाला बोचकारलंय?" आता हात वर येतात, पण दबकत. कारण काही मुलांनी ते घरी सांगितलेलंच नसतं. आई रागावेल, बाबा मनीला पोत्यात घालून लांब सोडून येतील, ही भीती. मग बाही खाली ओढून ओरखडा लपवला जातो. खरा धोका इथेच आहे. म्हणून मांजर का चावते आणि चावल्यावर काय करायचे, हे दोन्ही मुलांना नीट सांगायला हवे.

मांजर का चावते?

१. हाताशी खेळण्याची सवय : पिल्लू लहान असताना आपण त्याच्यापुढे बोटे नाचवतो. ते झडप घालते, सगळे हसतात. मोठे झाल्यावरही ते तेच करते, पण आता दात आणि नखे मोठी झालेली असतात. पिल्ले एकमेकांशी खेळताना एकाने जोरात चावले की दुसरे ओरडते आणि खेळ सोडते. जोर किती लावायचा हे ती तिथे शिकतात. म्हणून पिल्लू निदान दोन महिने आई-भावंडांजवळ राहू द्यावे.

२. लाड पुरे झाले : बऱ्याच मांजरांना थोडा वेळच कुरवाळलेले आवडते. पोटाला हात लावलेला तर अनेकांना खपत नाही.

३. भीती : शेपूट ओढली, कोपऱ्यात गाठले, झोपेतून उचलले की ते स्वतःला वाचवायला नखे काढते.

४. दुखणे : एरवी गरीब असलेले मांजर अचानक चावू लागले, तर दात, कान किंवा एखादी जखम दुखत असू शकते. अशा वेळी गुरांच्या दवाखान्यात दाखवावे.

५. दुसऱ्याचा राग आपल्यावर : खिडकीबाहेर परका बोका दिसला की चिडलेले मांजर जवळच्या माणसालाच चावते.

आधी मिळणाऱ्या खुणा

मांजर बहुतेक वेळा आधी इशारा देते. शेपूट जोरात आपटणे, कान मागे किंवा आडवे करणे, बाहुल्या मोठ्या होणे, पाठीची कातडी थरथरणे, अंग आखडणे आणि शेवटी फिस्कारणे. कुत्र्याने शेपूट हलवली की तो खूश आहे असे मुलांना वाटते, आणि तोच नियम ती मांजराला लावतात. इथेच फसगत होते. यातली एक जरी खूण दिसली तरी हात हळूच बाजूला घ्यायचा.

घरी काय करावे?

• हाताने नव्हे, दोरीला बांधलेल्या चिंधीने खेळवावे. खेळ संपला की दोरी उचलून ठेवावी, ती मांजराच्या पोटात जाऊ शकते.
• मांजर पहाटे आणि तिन्हीसांजेला जास्त चपळ असते. तेव्हा दहा मिनिटे पळवले की बरीच मस्ती जिरते.
• नखे घासायला गोणपाट किंवा काथ्याची दोरी गुंडाळलेला खांब द्यावा.
• चावले म्हणून मारू नये. मारल्याने भीती वाढते आणि भीतीने चावणे वाढते. खेळ थांबवून उठून जावे.
• तीन महिन्यांचे झाले की रेबीजची लस टोचावी आणि डॉक्टर सांगतील तेव्हा पुन्हा द्यावी.

चावले किंवा बोचकारले तर

रेबीज फक्त कुत्र्यामुळे होतो हा गैरसमज आहे. मांजरामुळेही होऊ शकतो, आणि लक्षणे दिसू लागली की रुग्ण जवळजवळ कधीच वाचत नाही. पण वेळेत लस घेतली तर तो टाळता येतो.

जखम लगेच वाहत्या पाण्याखाली साबणाने १५ मिनिटे धुवावी. हळद, चुना, तिखट काहीही भरू नये. त्याच दिवशी दवाखान्यात जावे. रक्त न आलेला ओरखडाही दाखवावा. लस सुरू झाली की ठरलेल्या तारखा चुकवू नयेत. मांजराचे दात बारीक आणि टोकदार असतात. वरून छिद्र छोटे दिसते, पण जंतू खोल जातात. सूज, लाली, ताप आला तर थांबू नये. धनुर्वाताच्या इंजेक्शनबद्दलही विचारावे.

वर्गात घेता येईल असा उपक्रम

२८ सप्टेंबर हा लुई पाश्चर यांचा स्मृतिदिन, तोच जागतिक रेबीज दिन. १८८५ साली पाश्चर यांनी जोसेफ माइस्टर या नऊ वर्षांच्या मुलाला ही लस दिली होती. आपल्या चौथीतल्या मुलांच्याच वयाचा! ही गोष्ट सांगून मुलांकडून खूश, घाबरलेले आणि चिडलेले अशी मांजराची तीन चित्रे काढून घ्या. शेपूट आणि कान कसे दाखवायचे यावर छान चर्चा होते. हात धुण्याचे प्रात्यक्षिकही घ्या. १५ मिनिटे किती मोठी असतात हे मुलांना तेव्हाच कळते.

पालकांना एकच विनंती. मुलाने ओरखडा दाखवला तर पहिलं वाक्य "कशाला गेलास तिच्याजवळ?" असं नको. "बरं केलंस सांगितलंस, चल धुऊ या," असं असू द्या. मनीचं काय करायचं ते नंतर बघता येईल. मूल पुढच्या वेळीही सांगेल, हे जास्त महत्त्वाचं.