आईबाप काय वाचतात, काय पाहतात?

मुलांनी काय वाचावे आणि काय पाहू नये, याविषयी उपदेश करणाऱ्यांची वाण नाही. परंतु त्याच घरातील आईबाप सध्या कोणते पुस्तक वाचीत आहेत, रात्रीच्या जेवणानंतर ते दूरचित्रवाणीवर काय पाहतात, आणि त्या वेळी मुले कोठे असतात, हे सहसा कोणी विचारीत नाही. आम्हांला मात्र हाच प्रश्न अधिक महत्त्वाचा वाटतो. कारण मूल उपदेशापेक्षा उदाहरण लवकर उचलते.

हा प्रश्न पारखून पाहावयाचा, तर महाराष्ट्राबाहेरच्या मराठी घराकडे वळावे. ग्वाल्हेरातील लष्कर हा भाग दौलतराव शिंदे यांच्या छावणीतून १८१० च्या सुमारास वसला. तेथील दौलतगंजासारख्या वस्तीत वाढणाऱ्या मराठी मुलाची स्थिती ध्यानी घ्यावी. बाजार हिंदी, शेजार हिंदी, शाळा हिंदी किंवा इंग्रजी. मराठी त्याला भेटते ती घराच्या उंबरठ्याच्या आत. म्हणून आईबापांच्या हाती जे पुस्तक असेल आणि त्यांच्या कानी जो कार्यक्रम पडत असेल, तीच त्या मुलाची मराठी शाळा होय.

याचा एक बोलका दाखला तत्कालीन ग्वाल्हेर संस्थानातच सापडतो. गजानन माधव मुक्तिबोध यांचा जन्म १९१७ साली त्या संस्थानातील श्योपुर येथे मराठी कुटुंबात झाला. पुढे ते हिंदीतील थोर कवी म्हणून गाजले. त्यांचे धाकटे बंधू शरच्चंद्र मुक्तिबोध यांनी मराठीत कविता आणि समीक्षा लिहिली. १९७९ साली त्यांना साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला. एकाच घरातून दोन भाषांना दोन साहित्यिक लाभले! गजाननरावांनी एका लेखाच्या मथळ्यातच सांगून ठेवले आहे की, आपल्याला प्रेमचंदांचे भक्त बनविले ते आपल्या आईने. मुलाच्या वाङ्मयीन आयुष्याचा पाया आईच्या वाचनाने घातला, याची याहून स्पष्ट कबुली कोणती हवी?

आता दूरचित्रवाणीकडे वळू. भारतात ती १५ सप्टेंबर १९५९ रोजी दिल्लीस सुरू झाली, आणि मुंबईचे केंद्र २ ऑक्टोबर १९७२ रोजी उघडले. परंतु मुंबईच्या मनोऱ्यावरून निघालेल्या लहरी ग्वाल्हेरपर्यंत पोहोचणाऱ्या नव्हत्या. उपग्रहावरून मराठी वाहिन्या दिसू लागल्या, तेव्हा दूरदूरच्या मराठी घरांत रोज मराठी संवाद ऐकू येऊ लागले. हा लाभ लहान नव्हे. दिवसभर राबलेल्या माउलीने घटकाभर मालिका पाहिली, तर तिला दोष देण्याचे कारण नाही. मात्र मालिकेने कान तयार होतो, डोळा होत नाही. मालिका कळण्यास एकही अक्षर वाचावे लागत नाही. आणि ज्या भाषेत आपण कधी वाचीत नाही, ती भाषा केवळ जेवणखाणाच्या बोलण्यापुरती उरते.

येथे दौलतगंजच्या आईबापांना एक सोय आयती लाभलेली आहे. हिंदीची आणि मराठीची लिपी एकच, देवनागरी. हिंदी वाचणाऱ्या मुलाला मराठी अक्षरे नव्याने गिरवावी लागत नाहीत. ‘ळ’ तेवढा जिभेला वळण लावतो. अर्थाच्या गमती मात्र पुष्कळ. हिंदीत ‘शिक्षा’ म्हणजे शिक्षण, मराठीत दंड! हिंदीत ‘खाली’ म्हणजे रिकामे, मराठीत तळाकडे! अशा गमतींवर सारे घर हसत हसत वाचू शकते. ‘श्यामची आई’ हे पुस्तक तर सानेगुरुजींनी रात्रीमागून रात्र सांगितलेल्या आठवणींच्या रूपानेच रचले आहे. रोज एक रात्र वाचावी. मग १९५३ सालचा त्यावरील चित्रपटही मुलांसह पाहावा, आणि पुस्तकातले काय चित्रात आले, काय राहिले, याची चर्चा करावी. थोरल्या मुलांना विष्णुभट गोडसे यांचा ‘माझा प्रवास’ द्यावा. १८५७ च्या धामधुमीत ग्वाल्हेर आणि झांशी पाहिलेल्या भिक्षुकाचे ते वृत्तांत प्रथम १९०७ साली छापले गेले. आपलेच शहर मराठी पुस्तकात भेटले, म्हणजे मुलाला ती भाषा परकी वाटत नाही.

दूर ग्वाल्हेरची ही कथा आम्हांला कशाला, असे वसईच्या वा अन्य खेड्यांतील वाचक म्हणतील. परंतु आपल्या गावांतील किती मुले आज इंग्रजी शाळेत जातात, हे मनाशी मोजून पाहावे. त्यांच्याही घरी मराठी कानावर पडते, पण डोळ्यांखालून जात नाही. आजीच्या उशाशी असलेले मराठी प्रार्थनापुस्तक उद्या नातवाला वाचता आले नाही, तर आजीची श्रद्धा त्याच्यापर्यंत कोणत्या वाटेने पोहोचावी? आपल्या पूर्वजांसाठी फादर स्टीफन्स यांनी १६१६ साली ‘क्रिस्तपुराण’ ओवीबद्ध केले, ते मोठ्याने वाचावे आणि सर्वांनी ऐकावे म्हणूनच.

ख्रिस्तसभेने दूरचित्रवाणीला कधी शत्रू मानले नाही. आजारपणामुळे देवळात जाऊ न शकलेल्या संत क्लारा यांना नाताळच्या रात्रीची उपासना आपल्या खोलीतच दिसली, अशी कथा आहे. तिला स्मरून पोप बारावे पायस यांनी १९५८ साली त्यांना दूरचित्रवाणीच्या आश्रयदात्या संत म्हणून जाहीर केले. त्याआधी १९५७ साली त्यांनी चित्रपट, रेडिओ आणि दूरचित्रवाणी यांवर परिपत्रक काढून या साधनांचा गौरवही केला आणि धोकेही दाखविले. पोप फ्रान्सिस यांनी २०१६ साली कुटुंबावरील आपल्या पत्रात, जेवताना ज्याने त्याने आपापल्या मोबाइलमध्ये डोके घालून बसण्याविषयी खेद व्यक्त केला; आणि २०२४ साली एका स्वतंत्र पत्रात कथा-कादंबऱ्या व कविता वाचण्याचे मोल सांगितले. प्रश्न यंत्राचा नाही. यंत्र घराला एकत्र बसविते की एकेकाला एकटे पाडते, एवढेच पाहावयाचे आहे.

म्हणून आम्ही आईबापांना एक साधा उपाय सुचवितो. एका वहीत आठवडाभर रोज तीनच ओळी लिहाव्या: आज मी काय वाचले, काय पाहिले, आणि कोणासोबत. रविवारी ती वही उघडून पाहावी. वाचनाची ओळ सातही दिवस कोरी असेल, तर मुलाला ‘वाच’ म्हणण्यापूर्वी आपणच पुस्तक उघडावे. मालिकेची वेळ आणि जपमाळेची वेळ एकच येत असेल, तर मालिकेला थांबावयास सांगावे. हल्ली ती मागाहूनही पाहता येते, झोपी गेलेले मूल मात्र प्रार्थनेला उठत नाही. जपमाळेनंतर पंधरा मिनिटे कोणी एकाने मोठ्याने वाचावे: एक दिवस शुभवर्तमान, एक दिवस गोष्ट. वाचताना अडखळणाऱ्या मुलास हसू नये. त्याची पाळी चुकवूही नये.

नासरेथच्या सभास्थानात प्रभू येशू वाचावयास उभा राहिला, असे संत लूक सांगतो. ज्या गावी तो वाढला, त्याच गावी, आपल्या माणसांसमोर त्याने मोठ्याने वाचले. आपल्या घरी तसे वाचणारा कोणी आहे काय, हे आज रात्री प्रत्येक आईबापाने स्वतःस विचारावे.