गॅस बंद केलास का? आणि इंडक्शन?

ज्योत नाही, धूर नाही, लायटरची कटकट नाही! म्हणूनच भाड्याचा फ्लॅट आणि इंडक्शन ही जोडी एकदम हिट आहे. पण जे दिसत नाही ते नसतंच, असं थोडंच आहे? ओट्यावरच्या या लाडक्या पाहुण्याशी जरा नीट ओळख करून घ्या...

रात्रीचे साडेदहा. ऑफिसमधून उशिरा परतलेल्या आम्ही दोघी रूममेट्स, पोटात कावळे आणि इंडक्शनवर कुकरमध्ये मुगाची खिचडी. दोन शिट्ट्या झाल्या होत्या. तिसरीची वाट बघत मी फोनवर आईशी गप्पा मारत होते. तेवढ्यात जळका वास आला. खिचडी लागली असं वाटून रूममेट धावली, पण खिचडी एकदम मस्त होती! वास येत होता ओट्यामागच्या एक्स्टेन्शन बोर्डातून. बोर्डाचं पांढरं प्लास्टिक तपकिरी झालेलं, प्लग त्यातच चिकटून बसलेला आणि बाजूला हात पुसायचा नॅपकिन लोंबकळतोय! मेन स्विच बंद केला तेव्हा कुठे जिवात जीव आला. गप्पा आणखी पाच मिनिटं रंगल्या असत्या तर काय झालं असतं, हा विचार आजही नकोसा वाटतो.

आई फोन ठेवताना रोज न चुकता विचारते, ‘गॅस बंद केलास ना गं?’ आमच्याकडे गॅसच नाही, हे तिला शंभर वेळा सांगून झालंय. पण तिचं तरी काय चुकतं? गॅसची भीती आपल्याला लहानपणापासून शिकवलेली असते. वास आला तर खिडकी उघड, दिव्याचं बटण दाबू नकोस, झोपताना नॉब बघ... इंडक्शनच्या बाबतीत असं काही कुणी शिकवलेलंच नाही! ते आपण मोबाइल चार्जरसारखं प्लगला लावतो आणि विसरून जातो. खरी गडबड इथेच होते.

दुसऱ्या दिवशी आलेल्या वायरमनकाकांनी बोर्ड हातात घेतला, उलटासुलटा केला आणि म्हणाले, ‘ताई, शेगडी चांगली आहे हो तुमची. तुम्ही तिला जेवायला कुठे बसवलं ते चुकलं!’

आधी पॉइंट बघा, मग रेसिपी!

काकांनी सांगितलेलं गणित शाळेतल्या सायन्सच्या पुस्तकातलंच आहे. इंडक्शनच्या खालच्या स्टिकरवर वॉटचा आकडा असतो. आपल्याकडे घरोघरी दिसणारी मॉडेल्स साधारण १२०० ते २००० वॉटची असतात. या आकड्याला घरातल्या २३० व्होल्टने भागा. २००० वॉटचं इंडक्शन फुल पॉवरवर जवळजवळ ८.७ अँपिअर करंट खेचतं. आणि भिंतीवरचा जो छोटा पॉइंट आपण मोबाइल, टीव्ही, टेबल लॅम्पला वापरतो, तो असतो ६ अँपिअरचा!

इंडक्शनच्या जाड पिनांचा प्लग या छोट्या पॉइंटमध्ये जात नाही. जाऊ नये म्हणूनच तर तो तसा बनवलेला असतो! पण आपण हुशार. कोपऱ्यावरच्या दुकानातून कन्व्हर्टर आणतो आणि जाड प्लग छोट्या पॉइंटमध्ये बसवून मोकळे होतो. आम्हीही तेच केलं होतं, वर तो कन्व्हर्टर एक्स्टेन्शन बोर्डाला लावला होता. करंट दुप्पट झाला की वायरमध्ये आणि जोडात तयार होणारी उष्णता चौपट होते. त्यात पिन सैल बसली असेल तर विचारूच नका. सगळी उष्णता त्या एका जागी साठते.

‘पण मग एमसीबी का नाही पडला?’ हा माझा प्रश्न. उत्तर ऐकून डोळे उघडले. एमसीबी मोजतो तो करंट. आमच्या किचनच्या लाइनला १६ अँपिअरचा एमसीबी आहे. त्याच्या दृष्टीने ८-९ अँपिअर म्हणजे सगळं आलबेल. सैल जोड तिकडे वितळतोय, हे त्याला कळायचं कसं? म्हणून ‘एमसीबी आहे, टेन्शन नाही’ या भ्रमात राहू नका.

उपाय सोपा आहे. इंडक्शनला १६ अँपिअरचा स्वतंत्र पॉवर पॉइंट हवा, म्हणजे गीझर किंवा एसीला असतो तसा. अर्थिंग चालू आहे का, हे वायरमनकडून एकदा तपासून घ्या. किचनमध्ये असा पॉइंट नसेल तर घरमालकांशी बोला. आमच्या घरमालक काकांनी आधी जरा कपाळाला आठ्या घातल्या, पण वितळलेला बोर्ड दाखवल्यावर त्याच आठवड्यात नवा पॉइंट बसवून दिला. आपलं घर भाड्याचं असलं तरी आग लागली तर भिंती त्यांच्याच जळणार ना!

आणि हो, लाइट गेल्यावर घरच्या इन्व्हर्टरवर इंडक्शन चालवायचा प्रयोग तर अजिबात नको. पंखा आणि ट्यूबसाठी घेतलेल्या साध्या इन्व्हर्टरला हा भार पेलत नाही.

जादू नाही, सायन्स!

आता हे यंत्र चालतं कसं? काचेच्या खाली तांब्याच्या तारेचं गोल वेटोळं असतं. त्यातून सेकंदाला हजारो वेळा दिशा बदलणारा करंट फिरतो आणि त्याभोवती तसंच झपाट्याने बदलणारं चुंबकीय क्षेत्र तयार होतं. वर लोखंडी बुडाचं भांडं ठेवलं की त्या बुडातच करंट फिरायला लागतो आणि बूड तापतं. म्हणजे शेगडी भांड्याला तापवत नाही, भांडं स्वतःच तापतं!

१९५० च्या दशकात अमेरिकेत फ्रिजिडेअर कंपनीने याची जाहीर प्रात्यक्षिकं केली होती. शेगडी आणि पातेलं यांच्यामध्ये चक्क वर्तमानपत्र ठेवून पाणी उकळून दाखवलं होतं! कल्पना करा, तेव्हाच्या लोकांनी तोंडात बोटंच घातली असतील.

पण यातूनच एक गैरसमज होतो, की काच गारच असते. साफ चूक! तापलेल्या भांड्याची उष्णता काचेत उतरते आणि भांडं उचलल्यावरही बराच वेळ तिथेच राहते. गॅसचा बर्नर निदान मगाशी पेटलेला दिसला होता. ही काच मात्र गरम असो वा गार, दिसायला सारखीच. काही मॉडेल्समध्ये काच गरम असेपर्यंत ‘एच’ अक्षर दिसतं. तुमच्यात नसेल तर सरळ गरम आहे असंच धरून चाला. चमचे, सुऱ्या, झाकणं काचेवर ठेवू नका. मोबाइल आणि एटीएम कार्डही लांबच बरी.

घरात कुणाला पेसमेकर बसवलेला असेल तर त्यांच्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय त्यांना इंडक्शनवर काम करू देऊ नका. चालू इंडक्शनपासून पेसमेकर साधारण दोन फूट लांब असावा, असं सांगितलं जातं. आजी-आजोबा राहायला येणार असतील तर हे आधीच लक्षात असू द्या.

मॅचिंगचा फंडा

नवीन इंडक्शन आणलं आणि आईने दिलेल्या हिंडालियमच्या कुकरला ते ओळखच दाखवेना, असं झालंय का? होणारच! अ‍ॅल्युमिनियम, तांबं, पितळ, काच, माती यांची साधी भांडी त्यावर चालत नाहीत. टेस्ट एकदम सोपी. फ्रिजवरचं मॅग्नेट काढा आणि भांड्याच्या बुडाला लावा. घट्ट चिकटलं तर भांडं पास! सगळं स्टील चिकटतंच असं नाही, म्हणून दुकानात जाताना मॅग्नेट खिशात ठेवा.

बूड सपाट हवं. खोलगट लोखंडी कढई डुगडुगते आणि नीट तापतही नाही. बिडाचा सपाट तवा झक्कास चालतो, पण तो काचेवर सरकवू नका, उचलून ठेवा. ओरखडे पडतात. एका कपाच्या चहाचं चिमुकलं पातेलं ठेवलं तर इंडक्शन नुसतंच टूंटूं करतं. बुडाचा व्यास साधारण १२ सेंटिमीटर तरी असू द्या. जाड बुडाच्या भांड्यातून बारीक गुणगुण ऐकू आली तर घाबरू नका, ती चालायचीच. प्लास्टिक जळाल्याचा वास आला तर मात्र तिथल्या तिथे बंद!

स्पीडला आवर घाला

इंडक्शनचा वेग हाच त्याचा यूएसपी आणि हीच त्याची खोड. रिकामा नॉनस्टिक पॅन फुल पॉवरवर ठेवून कांदा चिरायला घेतलात तर कांदा अर्धा होईपर्यंत पॅन कामातून गेलेला असेल. साधारण २६० अंश सेल्सिअसच्या पुढे नॉनस्टिकचा थर खराब व्हायला लागतो आणि त्यातून निघणारा धूर छातीसाठी चांगला नाही. म्हणून आधी पॅनमध्ये तेल, मग मध्यम पॉवर, मग कांदा.

तळणीचंही तसंच. ज्योत नाही म्हणून तेल पेटत नाही, असं समजू नका. तेल प्रमाणाबाहेर तापलं की ते आपलं आपण पेट घेतं. तळण चालू असताना किचन सोडायचं नाही, फोन आला तरी! (हे मी कुणाला सांगतेय, ते तुमच्या लक्षात आलं असेलच.) चुकून पेटलंच तर पाणी अजिबात नाही. हात पोचत असेल तर वीज बंद करा, कढईवर झाकण सरकवा आणि ती गार होईपर्यंत हलवू नका. आग आवरत नसेल तर बाहेर पडा आणि १०१ किंवा ११२ लावा.

कुकरसाठी इंडक्शन बेसचाच कुकर घ्या. प्रेशर आलं की पॉवर ८००-१००० वॉटवर आणा आणि टायमर लावा. टायमर ही इंडक्शनने नोकरदारांना दिलेली खरी भेट आहे. गॅस आपोआप बंद होत नाही, हे होतं! पण टायमर लावून बाहेर निघून जाणं हा त्याचा उपयोग नव्हे.

पोटाखालचा पंखा

इंडक्शन उलटं करून बघितलंय कधी? (प्लग काढून, प्लीज!) खाली एक पंखा असतो. आतल्या सर्किटला गार ठेवायचं काम त्याचं. आपण मात्र ओटा खराब होऊ नये म्हणून खाली वर्तमानपत्र किंवा प्लास्टिकचा टेबलक्लॉथ घालतो, आणि तोच कागद पंख्याला चिकटून त्याचा श्वास कोंडतो. फ्रिजिडेअरवाल्यांनी वर्तमानपत्र वर ठेवलं होतं, खाली नव्हे! चारी पाय दगडी ओट्यावर नीट टेकलेले आणि मागे भिंतीपासून चार बोटांहून थोडं जास्त अंतर, एवढं पुरेसं आहे. स्टीलच्या ट्रॉलीवर किंवा गॅसच्या शेगडीवर इंडक्शन ठेवू नका.

स्वयंपाक झाल्यावर पंखा काही वेळ फिरत राहतो. तो फिरत असताना भिंतीवरचं बटण खट्‌कन बंद केलंत तर आतली उष्णता आतच अडकते. म्हणून आधी पॅनेलवरचं बटण, मग पंखा थांबायची वाट, आणि शेवटी भिंतीवरचं बटण. हा क्रम एकदा हाताला बसला की झालं.

या पंख्याच्या जाळीचे आणखी एक चाहते आहेत. झुरळं! उबदार, अंधारी जागा आणि वर सांडलेल्या आमटीचा वास, त्यांना आणखी काय हवं? रोज रात्री काच आणि ओटा पुसून ठेवा. जाळीवरची धूळ महिन्यातून एकदा कोरड्या ब्रशने झटका. आत शिरलेल्या झुरळाचा पाठलाग करायला स्क्रूड्रायव्हर मात्र घेऊ नका. प्लग काढल्यावरही आतल्या भागांत वीज साठलेली असू शकते. ते काम सर्व्हिस सेंटरवाल्यांचं.

रोजचा पाच मिनिटांचा फेशियल

- दूध उतू गेलं? आधी बंद करा, भांडं उचला, काच गार होऊ द्या, मग पुसा. ओल्या पॅनेलवर टच बटणं वेड्यासारखी वागतात.
- प्लग काढून, नीट पिळलेल्या ओल्या फडक्याने आणि भांड्यांच्या साबणाच्या एका थेंबाने पुसा. तारेची घासणी नको.
- पाण्याचे पांढरे डाग लिंबाच्या फोडीने किंवा व्हिनेगरने जातात.
- इंडक्शन नळाखाली धरू नका. कधीच नाही!
- काचेला बारीकशी जरी चीर दिसली तरी वापर बंद. चिरेतून पाणी थेट विजेपर्यंत पोचतं.
- आठवड्यातून एकदा वापर झाल्यावर बटण बंद करून प्लग हाताने चाचपा. चांगलाच गरम लागला, पिना काळ्या दिसल्या किंवा सॉकेट सैल वाटलं तर वायरमनला फोन!

नवा पॉइंट बसून आता बरेच दिवस झाले. खिचडी पूर्वीसारखीच होते, फक्त तिसऱ्या शिट्टीपर्यंत मी ओट्यापाशीच असते. तो वितळलेला बोर्ड आम्ही टाकला नाही. नव्याने राहायला आलेल्या तिसऱ्या रूममेटला पहिल्याच दिवशी तो दाखवला. तिच्या बॅगेतून एक कन्व्हर्टर निघाला आणि थेट कचऱ्याच्या डब्यात गेला!

आईलाही मी सगळी हकीकत सांगितली. भरपूर बोलणी खाल्ली. पण त्या रात्रीपासून तिचा प्रश्न बदललाय. फोन ठेवताना ती विचारते, ‘बटण बंद केलंस ना गं? भिंतीवरचं?’

मी म्हणते, ‘थांब गं आई, आधी पंखा थांबू दे!’