वरची पायरी खालचीची ग्वाही देते

कॅलिफोर्नियात नववीत गेलेलं चौदा वर्षांचं पोर शाळेत विषय निवडायला बसतं, तेव्हाच त्याची विद्यापीठाची वाट ठरायला लागलेली असते. युनिव्हर्सिटी ऑफ कॅलिफोर्निया, म्हणजे बर्कली, लॉस एंजेलिस वगैरे पदवीची नऊ संकुलं, प्रवेशासाठी शाळेतले 15 वार्षिक अभ्यासक्रम मागते. 'ए' ते 'जी' अशी त्यांची सात अक्षरं : इतिहास-सामाजिक शास्त्रं 2 वर्षं, इंग्रजी 4, गणित 3, विज्ञान 2, इंग्रजीखेरीज दुसरी भाषा 2, कला 1, ऐच्छिक 1. त्यातले 11 बारावीच्या आधी संपायला हवेत, आणि प्रत्येकात निदान 'सी' श्रेणी हवी. 'डी' मिळाली तर शाळा पास करते, विद्यापीठ धरत नाही. शाळा पूर्ण करण्यासाठी राज्याच्या किमान नियमात गणित दोनच वर्षं आहे. म्हणजे हातात शाळेचा डिप्लोमा असूनही प्रवेशाचं दार बंद, असं होऊ शकतं.

इतकं वाचून ही यादी भिंतीसारखी वाटते. मलाही वाटली होती. पण बारीक अक्षरातले नियम वाचत गेलो आणि थक्क झालो.

समजा, एखाद्या मुलीला पहिल्या बीजगणितात 'डी' मिळाली. पुढच्या वर्षी तिने दुसरं बीजगणित घेतलं आणि 'सी' मिळवली. झालं! पहिल्या बीजगणिताची अटही पूर्ण झाली. गुणपत्रकावरची 'डी' पुसली जात नाही, पण तो विषय पुन्हा घ्यावा लागत नाही. वरच्या पायरीवर उभं राहता आलं, म्हणजे खालची चढून झालीच, हा त्यामागचा सरळ विचार. भाषेचंही तेच : थेट दुसऱ्या पातळीच्या स्पॅनिशला बसून 'सी' आणली, तर पहिली पातळी शिकल्यातच जमा. भूमिती मात्र अशी वगळता येत नाही. ती शिकावीच लागते. ते मला योग्य वाटतं, कारण बीजगणित कितीही आलं तरी सिद्धता कशी मांडायची हे त्यातून कळत नाही.

आणि सगळ्यात सुंदर नियम आपल्या कामाचा आहे. सहावीपासून पुढे निदान दोन वर्षं इंग्रजीखेरीज दुसऱ्या भाषेच्या माध्यमातून शिकून 'सी'च्या तोडीचे गुण मिळवले असतील, तर दुसऱ्या भाषेची अट तिथेच पूर्ण होते. विज्ञान, इतिहास, गणित मराठीतून शिकलेल्या मुलाला तिकडे स्पॅनिशचा श्रीगणेशा करायची सक्ती नाही. सांगली-साताऱ्याच्या मराठी शाळेतली ती दोन वर्षं बर्कलीच्या दारात मोजली जातात!

मुलांना घेऊन तिकडे निघालेल्या पालकांना म्हणूनच कळकळीची विनंती : सहावी-सातवीची प्रगतिपुस्तकं माळ्यावर टाकू नका. सोबत न्या आणि नववीच्या पहिल्याच महिन्यात शाळेतल्या समुपदेशकाला दाखवा.