माळाची मोजणी

निमगाव केतकीचे नाव निघाले की पानमळे आठवतात, आणि आषाढीच्या वाटेवर तुकोबांची पालखी येथे विसावते, हेही वारकऱ्यांना ठाऊक असते. परंतु बागायतीची हद्द ओलांडून कडबनवाडीच्या अंगाने निघाले असता जो मुरमाड, उघडा माळ लागतो, तशा माळांची दखल सरकारी दफ्तराने पिढ्यान्‌पिढ्या ‘पडीक’ एवढ्या शेऱ्यात उरकलेली आहे.

याच माळावर पर्यावरणशास्त्राच्या विद्यार्थ्यांची एक तुकडी काम करताना मी पाहिली. मीटरभर लांब व तेवढीच रुंद चौकट जमिनीवर ठेवायची, तिच्या आतील गवताच्या जाती ओळखायच्या, ठोंब मोजायचे, जमीन किती झाकलेली व किती उघडी याचा अंदाज वहीत मांडायचा, आणि ठरावीक अंतरावर पुन्हा तेच करायचे, असे ते चिवट काम. मारवेल, पवना आणि कुसळी यांतील भेद मात्र पुस्तकापेक्षा मेंढरांमागे चालणाऱ्या एका वृद्ध धनगराने त्यांना लवकर शिकविला. मेंढरू आधी कशाला तोंड लावते आणि कुसळे धरल्यावर कशाला टाळते, हे त्याने काठीच्या टोकाने दाखविले, आणि सोबतच्या प्राध्यापकांनी (हा त्यांचा मोठेपणाच म्हणायचा) ते मुलांना टिपून घ्यायला लावले.

अशा अभ्यासासाठी भारती विद्यापीठाने १९९३ साली पुण्यात पर्यावरण शिक्षण व संशोधन संस्था काढली, ती डॉ. एरच भरूचा या शल्यविशारदाच्या पुढाकाराने. आणि सर्वोच्च न्यायालयाच्या १९९१ च्या निर्देशानंतर पुढे पर्यावरण हा विषय पदवीला सक्तीचा झाला, तेव्हा विद्यापीठ अनुदान आयोगासाठी त्याचे क्रमिक पुस्तकही त्यांनीच लिहिले. सक्तीच्या विषयाची गत सर्वश्रुत आहे: गुणपत्रिकेत आकडा पडतो, आणि बांधापलीकडचे खोकड अनोळखीच राहते. म्हणून विद्यापीठाच्या अशा संस्थेने वर्गाइतकेच माळावरही बसावे, असे माझे मत आहे.

कारण येथील चिंकाऱ्याला दूरवरची मोकळी नजर हवी, धाविक पक्षी उघड्या जमिनीवरच अंडी घालतो, आणि धनगराच्या कळपाशी लांडग्याचे वैर जुने असले तरी दोघांचा संसार या एकाच गवतावर चालतो. अशा ठिकाणी सद्भावनेने चर खणून गिरिपुष्पाची दाट लागवड केली, तर सावलीत गवत खुरटते आणि त्यामागोमाग बाकीचे उठून जातात. वनविभागाने अलीकडे कडबनवाडीस व शिर्सुफळास गवताळ प्रदेशाची सफारी सुरू केली, ती याच उघड्या माळाच्या बळावर.

येत्या पावसाळ्यात एखाद्या शाळेने वृक्षारोपणासाठी असा माळ मुक्रर केला असेल, तर गुरुजींनी रोपे मागविण्यापूर्वी तेथले गवत मुलांकडून एकदा मोजून घ्यावे.