उपग्रहाचं पॅनेल मोडतं कशानं?

उपग्रहाची खरी परीक्षा अवकाशात असते, असं बहुतेकांना वाटतं. पॅनेलच्या सांगाड्यापुरतं तरी ते खरं नाही. कक्षेत पोचल्यावर वजनाचा भार जवळजवळ संपतो, उरते ती ऊन-सावलीतल्या तापमानाची ओढाताण. वर्षानुवर्षं काम करणाऱ्या पॅनेलला सर्वांत मोठा मार बसतो तो उड्डाणाच्या पहिल्या काही मिनिटांत.

तो मारही रॉकेटच्या त्वरणाचा, हा दुसरा गैरसमज. त्वरण साधारण ४ ते ६ जी, म्हणजे गुरुत्वाकर्षणाच्या चार ते सहा पट. ते सावकाश चढतं आणि त्याचा हिशेब सोपा असतो. घात करतो तो कंप. उड्डाणाच्या क्षणी इंजिनांचा आवाज जमिनीवर आपटून वर येतो आणि उष्णताकवचाच्या आतही सुमारे १४० डेसिबलपर्यंत जातो. डीजेच्या भिंतीसमोर खिडकीची काच थरथरते, तसंच रुंद आणि हलक्या पॅनेलचं होतं. आकडाच पाहू. पॅनेलवर बसवलेल्या उपकरणाच्या पेटीची नैसर्गिक वारंवारिता १०० हर्ट्झ, अनुनादात (बाहेरचा कंप त्याच वारंवारितेचा असला की) तो दसपट वाढतो आणि त्या वारंवारितेला बाहेरच्या कंपाची पातळी ०.०४ जी-वर्ग प्रति हर्ट्झ, असं धरलं. जॉन माइल्स यांच्या १९५४ च्या सूत्रानं वर्गमध्यमूळ त्वरण सुमारे ८ जी येतं. अभियंते त्याची तिप्पट धरतात, म्हणजे २४ जी! रॉकेटचे ५ जी इथे किरकोळ ठरतात.

मग पॅनेलचा पत्रा जाड करा, असं कुणीही म्हणेल. पण प्रश्न ताकदीपेक्षा ताठपणाचा आहे, आणि तोही वजन फारसं न वाढवता हवा. रॉकेटचे स्वतःचे मंद हेलकावे असतात. उपग्रहाची वारंवारिता त्यांच्याशी जुळली तर दोघं मिळून डोलू लागतात. म्हणूनच फाल्कन-९ सारख्या रॉकेटची अट असते की उपग्रहाची पहिली वारंवारिता आडव्या दिशेत १० आणि उभ्या दिशेत २५ हर्ट्झच्या वर हवी. एका पत्र्याचे दोन पातळ पत्रे करून मध्ये ॲल्युमिनियमची हनीकोम्ब जाळी भरली आणि एकूण जाडी चौपट केली, तर वाकण्याविरुद्धचा ताठपणा ३७ पट होतो. वजन जरासंच वाढतं. (जाळीच्या घरांना बारीक छिद्रं ठेवतात. नाहीतर बाहेरचा दाब उतरताना आत कोंडलेली हवा पत्रे उचकटू शकते.)

आणि संगणकावरची रंगीत चित्रं ‘पास’ म्हणाली की काम झालं? कंप किती लवकर शमेल, हा त्यातला आकडा बहुधा गृहीतच धरलेला असतो. शिवाय पॅनेल मोडतं ते अनेकदा पत्र्यात नाही, तर स्क्रूसाठी जाळीत चिकटवलेल्या इन्सर्टपाशी. म्हणून पॅनेल कंपन-टेबलावर हलवून बघावंच लागतं. पण चाचणी म्हणजे बिनधोक, असंही नाही. मार्च २००० मध्ये नासाच्या हेसी यानाला जेट प्रॉपल्शन लॅबोरेटरीतल्या कंपनचाचणीत ठरल्याच्या सुमारे दहापट धक्का बसला. सांगाड्याला इजा झाली आणि यान उडालं ते थेट फेब्रुवारी २००२ मध्ये.

अशी इजा नेहमी डोळ्यांना दिसतेच असं नाही. म्हणून मोठ्या कंपाच्या आधी आणि नंतर अगदी हलका कंप देऊन वारंवारिता मोजतात. ती खाली सरकली असेल, तर कुठेतरी गोंद सुटलाय किंवा स्क्रू सैल झालाय असं समजून पॅनेल उघडायचं.